शांतीच्या खोलीचं भाडं

गुलबर्गा, ३ जुलै १९७९
शांतीला वसतिगृहात जागा न्हाई मिळाली. असल्या गरीब पोरींना सरकार खोलीचं भाडं देतंय म्हणे. तिनं अर्ज केला, घरमालकीण म्हणून मी सही केली. सही कोंबडीनं माती उकरल्यागत, पण आपली आपण शिकलेली! निंबर्ग्याहून तिच्या बापाचा निरोप: आता भाडं माझ्यानं होत न्हाई. सरकारनं दिलं तर शिकू दे, न्हाई तर घेऊन जातो. स्थळ आलंय.

९ जुलै
चौकशीला साहेब आले. चहा केला. "पोरीकडनं भाडं किती घेता अक्का?"
निंबर्गा माझं माहेर. शांती नात्यातली न्हाई, पण गावची लेक म्हणून मला आत्या म्हणते. परक्या माणसापुढं जीभ वळंना. म्हटलं, "माहेरच्या लेकीकडनं कुणी भाडं घेतंय व्हय?" साहेबांनी लिहून घेतलं. मी आपली अभिमानानं फुगून बसले.
शांती आली, ऐकून म्हणाली, "आत्या, अर्जात भाडं लिहिलंय. आता अर्जच खोटा ठरला की!"
घेते की मी. तिचा बाप येतो, जेवतो, ताटाखाली नोटा सारतो. मी न बघितल्यागत करते. त्याला भाडं म्हणायचं न्हाई, एवढंच.

१० जुलै
शांती बोलंना. भाकरी तशीच ठेवून कॉलेजला गेली. शेजारची रुक्मा म्हणाली, "जाऊन खरं सांग की. कामून लाजायलीस? घेताना न्हाई लाजलीस ते!" लागलं. पण खरं बोलली.

१२ जुलै
शांतीला घेऊन कचेरीत गेले. बाकावर निंबर्ग्याची दोन माणसं. असू देत.
"त्या दिवशी न्हाई म्हणालात, आज घेते म्हणता. खरं कुठलं?"
"घेते साहेब. दर महिन्याला. लाजेपायी खोटं बोलले."
बाकावरचे दोघं मान वळवून बघायले.
"पावती?"
"पावती कुठली…"
साहेब हसले न्हाईत. लिहून द्या म्हणाले. मी मराठीत लिहिलं, ते कन्नडात पाहिजे म्हणाले. शांतीनं लिहिलं, खाली माझी सही.

१७ जुलै
माहेरून भावजयीची चिठ्ठी. गावभर झालंय म्हणे, अक्का लेकीकडनं भाडं खाते. उत्तर काय लिहू?
कचेरीत परत गेले. कागद वर गेलाय म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते न्हाई सांगितलं. शांतीचा बाप परवा यायलाय तिला न्यायला.
शांती आज आपणहून बोलली. "आत्या, परीक्षेची फी उद्याच भरायची. भरू का थांबू?"
"भर."
भर म्हणून बसले खरी. कुणाच्या जिवावर म्हटलं, कुणास ठाऊक.