डावीकडून येणारा मार

रेगेन्सबर्ग, १४ मे २००६

ती. शोभनाआत्यास,
गौरांगचा दुरूनच वाकून सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ई-मेल तू वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. प्रबंध रेंगाळलाय, पण ते रडगाणं आईकडून ऐक. तुला करमणुकीचं सांगतो.

मी राहतो त्या गावात अमेरिकन फुटबॉलचा एक क्लब आहे. नाव फुटबॉल, पण पायाचं काम पळण्यापुरतं. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबोडा आणि तो हातात. संख्याशास्त्रवाला फुकट मिळाला म्हणून त्यांनी मला आकडे ठेवायला आणि सामन्यांचं चित्रीकरण करायला बसवलंय. या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. पुढे आपल्याच पाच जणांची भिंत असते. समोरचे धिप्पाड गडी ती फोडून त्याला लोळवायच्या आत त्याने चेंडू पळत्या साथीदाराकडे फेकायचा. तीन सेकंद मिळतात.

यंदा त्या जागेवर ओहायोहून वेस्ली नावाचा बावीस वर्षांचा मुलगा आणलाय. कॉलेज संपवून आलाय, पगार घेऊन खेळायचा हा पहिलाच मोसम. दात जाहिरातीतले, वागणं शाळकरी. आणि खेळ? पहिल्या सामन्यात एकतीस फेका, अकरा पोचल्या, चार थेट प्रतिस्पर्ध्यांच्या ओंजळीत. फुल्या मारून माझा हात दुखला. असल्या माणसाला तिकीट पाठवून बोलावतात आणि मला व्हिसा वाढवायला चार चकरा!

गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो असाच टोचत राहू दे.
तुझा गौरांग


मिरज, २ जून २००६

चि. गौरांगला,
अ. आ. आणि एक चिमटा.

तुझं पत्र वाचून शेजारच्या लतिकाबाई हसल्या. मी हसले नाही. राज्याकडून खेळले, मग एकतीस वर्षं शाळेत मुलींना खो-खो शिकवला, पण तुझ्याइतकी खात्री मला कुठल्याच खेळाडूबद्दल कधी वाटली नाही. सातवीत खांबाला गुडघा घासला म्हणून तू पंधरा दिवस लंगडलास, आणि दुसऱ्या आठवड्यात पाय बदलून लंगडलास. तो आता पगारी खेळाडूंना नापास करतोय!

चेंडू कुठे पडला ते कळलं. तो फेकताना त्या मुलावर काय आदळत होतं, ते कुठाय? ती पाच जणांची भिंत काय करत होती? की तिची फुली मारायला वहीत जागा नव्हती?

गुडघा आहे तसाच आहे. शाळेच्या मैदानावर आता लग्नांच्या गाड्या लावतात. वेळेवर जेव, आणि मायेत कमी पडू नकोस.
तुझी आत्या


रेगेन्सबर्ग, ९ जुलै २००६

ती. आत्यास,
लंगड्या गौरांगचा सा. न. वि. वि.

इथे वर्ल्ड कपचं वेड आहे. काल जर्मनी तिसरी आली तर पहिली आल्यासारखे हॉर्न वाजवत होते. आमच्या नारळवाल्यांकडे कुत्रं फिरकत नाही. पाच सामने झाले, चार हरलो.

भिंतीचं विचारलंस. डाव्या टोकाला ऊवे आहे, आमच्या गावच्या बसचा ड्रायव्हर. वय चव्वेचाळीस, क्लबाच्या संस्थापकांपैकी, सगळ्यांसाठी घरून ब्रेत्झेल नावाचे खारे पाव आणतो. त्याला लोक सहज ढकलून जातात, मान्य. पण मग क्वार्टरबॅकने चपळ व्हावं की नाही? पगार कुणाला मिळतो?

आता खरी बातमी. ट्रेनर लिंडनर यांनी माझ्याकडून वेस्लीच्या अर्ध्या मोसमाचा अहवाल मागितला. त्यावरून फोरष्टांड, म्हणजे क्लबाची कार्यकारिणी, त्याला ठेवायचं की नाही ते ठरवणार. मी आलेखांसकट चार पानं जर्मनमध्ये लिहिली. तिसऱ्या सामन्यापासून तो वेळेआधीच चेंडू सोडतो, हे मी सेकंदाच्या दशांशात दाखवलं. शेवटचं वाक्य फक्त तीन शब्दांचं: एऽर हाट आंग्स्ट. त्याला भीती वाटते. वाचून लिंडनर म्हणाले, गेनाऊ, इतकं नेमकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. क्लबात सगळ्यांच्या तोंडी आता तेच आहे.

सोबत तीन सामन्यांच्या व्हीसीडी पाठवतोय. लतिकाबाईंकडे लाव आणि पोट धरून हस. मग माफीचं पत्र लिही, मी मोठ्या मनाने स्वीकारीन.
तुझ्या मायेचा हक्कदार,
गौरांग


मिरज, ३० जुलै २००६

गौरांग,
आशीर्वाद गृहीत धर, आज लिहायची इच्छा नाही.

तिन्ही सामने चार-चार वेळा पाहिले. खेळ मला कळत नाही, माणसं कळतात. तुझा बसवाला पडला की डावीकडून, पाठीमागून, तो मुलगा भुईसपाट होतो. उठल्यावर आधी बसवाल्याला हात देऊन उठवतो, पाठीवर थाप मारतो. दर वेळी. हे तुझ्या चार पानांत आहे?

दुसऱ्या सामन्यात, मध्यंतरानंतर, दोन जण एकदम त्याच्या अंगावर पडले. तिथून पुढे त्याचा डावा हात कोपरापासून बरगडीला चिकटलाय. साथीदाराला टाळीसुद्धा उजव्या हाताने देतो. चेंडू लवकर सोडतो, कारण आणखी एक दणका त्याला सोसणार नाही. तरी मार येतो तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात. भ्यालेला माणूस आधी डोळे मिटतो, हे मी शेकडो मुलींमध्ये पाहिलंय. तुला आलेख दिसला, बरगडी दिसली नाही.

एकोणऐंशी साली यमुना नावाच्या मुलीबद्दल मी जिल्हा निवड समितीला लिहिलं होतं, हिच्यात जिगर नाही. सुजलेल्या घोट्यावर ती तीन सामने पळाली होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर तिने खेळ सोडला होता. आता तिची पिठाची गिरणी आहे. माझं दळण ती आधी देते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या हुशारीपायी आज सांगावं लागलं.

जा आणि त्याला विचार. मग तो कागद परत घे.
शोभना


रेगेन्सबर्ग, २७ ऑगस्ट २००६

ती. आत्यास,
सा. न. करायलाही लाज वाटते, तरी करतो.

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. तीन दिवस मला तुझाच राग आला. खो-खो शिकवणाऱ्या बाईने मिरजेत बसून मला अमेरिकन फुटबॉल सांगावा! चौथ्या दिवशी वेस्लीच्या खोलीवर गेलो. विचारल्यावर त्याने आधी नाही म्हटलं, मग शर्ट वर केला. दोन बरगड्या तडकल्या आहेत, दुसऱ्या सामन्यापासून. डॉक्टरने सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. त्याने क्लबाला कळवलंच नाही. का, तर चौकशी झाली असती आणि सगळं ऊवेवर आलं असतं. दर रविवारी ऊवे त्याला घरी जेवायला नेतो. या गावात मला नावाने हाक मारणारं तेवढं एकच घर आहे, असं वेस्ली म्हणाला.

मी तसाच लिंडनरकडे गेलो. तो माणूस जागचा हललादेखील नाही. ऊवेचं वय झालंय हे सगळ्यांना ठाऊक आहे म्हणाला, पण संस्थापकाला कोण काढणार? बाहेरच्या माणसाने, तेही आकड्यांनिशी, दोष मुलावर टाकला, हे सोयीचं झालं. आल्झो, म्हणजे थोडक्यात काय, तुमचे आभार. वेस्लीला काढायचं फोरष्टांडने बावीस जुलैलाच ठरवलं होतं. माझी चार पानं त्यांना फक्त त्या ठरावाला टाचून जोडायला हवी होती. त्या लोकांची किळस आली, आणि त्यांना ती पानं पुरवणाऱ्याची जास्त.

मग नवा अहवाल लिहिला, सहा पानांचा. एकशे अठ्ठावीस फेकांपैकी एकाहत्तर वेळा डावीकडची भिंत दोन सेकंदांच्या आत पडली होती. उभं राहायला अवधी मिळाला तेव्हा त्याच्या तीनांतल्या दोन फेका पोचल्या होत्या. आत्या, मुलगा चांगला खेळत होता. सगळे आकडे माझ्याच वहीत होते.

एकोणीस तारखेला मी त्याला म्युनिकच्या विमानतळावर पोचवायला गेलो. त्याला बॅग उचलवत नव्हती, ती मी घेतली. रांगेत दोन्ही अहवाल इंग्रजीत वाचून दाखवले. पहिल्याच्या शेवटच्या वाक्यावर तो हसला. म्हणाला, भीती तर प्रत्येक फेकीला वाटायची. तेवढं तू बरोबर लिहिलंस. मग दुसरा अहवाल घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि हा क्लबाला देऊ नकोस म्हणाला. मी तर चाललोच आहे, ऊवेला इथेच राहायचंय. मी त्याला तसा शब्द दिला. घरी जाऊन तो वडिलांबरोबर छपरं घालायचं काम करणार आहे. बरगडी बरी झाली की.

परवा युनिव्हर्सिटीला जाताना बस ऊवेची होती. पुढचं आसन रिकामं होतं, त्याने आग्रहाने तिथे बसवलं. वेस्लीचं पोस्टकार्ड आलंय, घरी बायकोने फ्रिजवर लावलंय, असं कौतुकाने सांगत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हळहळून म्हणाला, फार गुणी मुलगा, मन सोन्याचं. पण काय करणार, एऽर हाट आंग्स्ट.

मी ‘या’, म्हणजे हो, म्हटलं. मग माझ्या स्टॉपवर उतरलो.

रागव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझा,
गौरांग