पप्पांच्या नावावरचं नेट

३ फेब्रु., मंगळ. खरवई
पप्पांना काल घरी आणलं. बायपास नीट झाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जपा. मम्मी गेल्यापासून ते एकटेच, म्हणजे जपणारी मीच.
डब्लिनहून मॅनेजरचा मेल: नेट सुरळीत असेल तर तिथून काम कर, दोन आठवडे बघू. नसेल तर परत ये. तिसरा पर्याय, नोकरी सोडण्याचा, तिने लिहिला नाही, पण आहेच.
बिल्डिंग नवी, वायर अजून पोचलेली नाही. माझं आयरिश सिम रोमिंगवर, लॅपटॉपला जोडलं की पॅक बघता बघता खलास. पप्पांचा फोन बटणवाला.

५ फेब्रु., गुरु.
रिक्षाने उल्हासनगर. सिमवाल्याने आधार कार्ड उलटसुलट बघितलं. "दीदी, इसमें जो नंबर है, चालू है?" तो मी परदेशी जातानाच बंद केला होता. "फिर ओटीपी कहाँ आएगा?"
म्हणजे इथे जन्मून मीच परदेशी. त्याच्यावर उगाच भडकले. तो बिचारा पाणी विचारत होता. पप्पांचं सगळं त्याने ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला.
समोरच्या भोईर काकूंनी जिन्यातच माझं तोंड बघितलं. स्वतःचा मोबाइल हातात दिला. "घे गो. मना दुपारचा काय त्याचा काम नाय."

७ फेब्रु., शनि.
काकूंच्या हॉटस्पॉटवर दोन दिवस निघाले. काल ऐन मीटिंगमध्ये त्यांच्या भावजयीचे लागोपाठ फोन. पप्पांना फोन तापलेला वाटला, तर त्यांनी तो ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवला! मी ओरडले. मग दोघंही हसत सुटलो. ते छातीला उशी दाबून.

९ फेब्रु., सोम.
सिमवाला स्वतः आला. "अंकल के नाम पे ले लो ना." मीच लाजले. फोटोसाठी पप्पांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. सिम, डोंगल, सगळं चालू. आता दर तासाला चौकशी: "चालतंय ना माझं नेट?"

११ फेब्रु., बुध.
दिवसा पळतं. संध्याकाळी माणसं कामावरून परतली की मरतं. अख्खी खरवई मोबाइलवर. आणि टीमची मीटिंग नेमकी तेव्हा. आज माझा चेहरा तोंड उघडं असतानाच अडकला म्हणे. मॅनेजर: शुक्रवारी बोलू, मग ठरवू.
पप्पा (अंबरनाथच्या फॅक्टरीत उभा जन्म): "लोड येतोय. मोठी मशीन सुरू करायची तर आम्ही बाकीच्या बंद ठेवायचो."
म्हटलं, पप्पा, नेटचं तसं नसतं. टॉवर काय फक्त आपल्या बिल्डिंगचा आहे? त्यांनी मान डोलावली. मान डोलावली म्हणजे ऐकलेलं नाही, हे मला कळायला हवं होतं.

१३ फेब्रु., शुक्र.
मीटिंग झाली. एकदाही अडकलं नाही. सगळं सांगितलं. पप्पांचं, तीन महिन्यांचं, परत नक्की येईन हेही. ती म्हणाली, वर विचारून कळवते.
बाहेर पॅसेजमध्ये मात्र ही कुजबुज. चिडून दार उघडलं. चारही मजल्यांची माणसं. जिन्यावर, चटईवर, पोरंसोरं सगळी. मध्ये खुर्चीत पप्पा, मांडीवर उशी. काकू: "झाला काय गो?"
झालं म्हटलं.
"चालू करा रे!" पप्पा ओरडले. शिफ्ट सुटल्यासारखे. आणि एकेक मोबाइल वाजायला लागला.
काकूंना दारोदार पाठवून त्यांनी बिल्डिंगचे मोबाइल बंद करायला लावले होते. टॉवरला त्याने काय फरक पडला, माहीत नाही. मी विचारायलाही गेले नाही. आत येऊन रडले. डब्लिनच्या आठ वर्षांत इतकी माणसं माझ्यासाठी कधी उभी राहिली नव्हती.

१५ फेब्रु., रवि.
मेल नाही. रविवारी कुठून येणार, तरी चारदा बघितला.
पप्पांनी सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ऑपरेशननंतर उंबऱ्याबाहेर परवा पहिल्यांदाच बसले. वरच्या मजल्यावरच्या एकांशी फॅक्टरीची ओळख निघाली, तेच कालपासून चाललंय.
आत्ता काकू दारात. "सांजचे मोबाइल बंद ठेवायचे काय गो आज?"
आज सुट्टी, मीटिंग नाही. आत बघितलं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालत होते.
"हो काकू," म्हटलं, "ठेवा."