शुभाच्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर

मी, अनंत विठोबा परब, वय ७८, राहणार भांडुप पश्चिम, चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. नाहीतर चिरंजीव हर्षद ‘बाबांना भ्रम झाला होता’ म्हणायला कमी करणार नाही.

१) राहती खोली हर्षद व कन्या दीप्ती यांना समसमान. किल्ली दीप्तीकडे राहील. मी झोपलो असं समजून हर्षद कपाट उघडतो. मी झोपलेला नसतो.

२) जुना व्हॉल्व्हचा रेडिओ कोणीही प्लगला लावू नये. विकूही नये. हर्षदने साकीनाक्याचं गिऱ्हाईक हेरून ठेवलंय. घेणारा हौसेने लावील आणि जिवाला मुकेल.

कारण लिहितो. आमच्या दुकानाची रीत अशी की दसऱ्याला रेडिओ चालू ठेवून, मागचं झाकण काढून, हळदकुंकू थेट ट्रान्सफॉर्मरला लावायचं. बंद यंत्राची पूजा नाही. २०१५ साली पत्नी शुभाने याच रेडिओला ओलं बोट लावलं आणि ती भिंतीवर फेकली गेली. वाचली, पण उजव्या हातातला जोर गेला तो गेलाच.

त्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी गावी असताना पुतण्या नितेशने तो रेडिओ उघडला होता. चांगला ट्रान्सफॉर्मर लांबवून भंगार बसवलंस, असं मी त्याला चारचौघांत बोललो आणि दुकानातून काढलं. तो एवढंच म्हणाला, “काका, काकीची शपथ, मी ट्रान्सफॉर्मरला हात लावला नाही.” शुभा म्हणायची, त्याला बोलवा. मी ऐकलं नाही. २०२१ साली ती गेली तेव्हा तो बिल्डिंगखाली उभा राहिला, वर आला नाही.

गेल्या महिन्यात हर्षदने आतलं काही काढलं की काय, या संशयाने मी तो ट्रान्सफॉर्मर सोडवला. विजेच्या लाइनच्या तारा आणि लोखंड यांच्यामध्ये वार्निशचा कागद हवा, तिथे कॅलेंडरचं पान निघालं, दमट हवेने सडलेलं. वीज तिथूनच ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यात उतरली होती. पान जुलै १९९८चं. कोपऱ्यात शुभाचं अक्षर : ‘आज गॅस लावला.’

त्या ट्रान्सफॉर्मरची तार तेव्हा मीच गुंडाळली होती. कागद संपला म्हणून घरातलं पान फाडलं, तात्पुरतं म्हणून, आणि विसरलो. त्या साली नितेश चार वर्षांचा होता.

३) मीटर, तार गुंडाळायचं मशीन, सगळी हत्यारं आणि हा रेडिओ नितेश गजानन परब यास. नवा ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि अर्थिंगची वायर बसवून, मीटरने तपासूनच त्याने तो लावावा. नको म्हणाला तर मोडून टाकावा.

हे तोंडाने सांगायला हवं होतं. तीनदा फोन लावला, त्याने उचलला की मी ठेवून दिला. मला माझीच लाज वाटते.

४) हे वाचायला घेण्याआधी नितेशला वर बोलवावे; पाकिटावरही तसंच लिहिलं आहे. कॅलेंडरचं पान याच पाकिटात आहे, ते प्रथम त्याच्या हातात द्यावे. पाकीट चिकटवून त्यावर आडवी सही केली आहे. हर्षद, फोडलंस तर कळेल.

साक्षीदार : माणिक तावडे, शेजारी. चंद्रप्रकाश गुप्ता, किराणा दुकानदार. दोघांनी माझी सही होताना पाहिली, मजकूर वाचू दिलेला नाही. तो आधी नितेशने वाचायचा आहे.

सही : अनंत विठोबा परब
भांडुप, ९ नोव्हेंबर २०२५