दोन खिडक्यांमधलं वारं

गोर्न्या रेका, पिरोतजवळ
२७ सप्टेंबर १९८३

चि. दरिंकास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे अंगणाअंगणात मिरच्या भाजणं चाललंय. गावभर धूर आहे. यंदा भाजल्या मिरच्यांच्या चटणीच्या, आयवरच्या, बरण्या तुझ्याकडे पाठवीन म्हणत होते, पण आमच्या घरी अजून चूलच पेटवलेली नाही. कारण आमची नेवेना. भाजलेल्या मिरचीचा वास शेजारून आला तरी सूनबाई बादलीकडे धावते.

दिवस गेलेत तिला, हे मागे लिहिलं होतंच. उलट्या कुणाला होत नाहीत? रादिशा पोटात होता तेव्हा मी वांती करून पुन्हा शेतात जायची. पण हिच्या पोटात पाण्याचा घोटही राहत नाही गं. अंगठी बोटातून गळून पडते म्हणून दोऱ्यात ओवून गळ्यात घातलीय. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले की नवरा इराकमध्ये पूल बांधतोय, पोरगी एकटी पडलीय, मनाने घेतलंय. रादिशा जाताना तिला माझ्या पदरात टाकून गेला. मला झोप लागत नाही.

तू सुबोतित्साला बायकांच्या वॉर्डात सिस्टर आहेस, तर काय ते कळव. आणि उपदेश थोडक्यात कर, तुझी पत्रं वाचता वाचता माझा चष्मा झिजतो.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी ताई,
स्तामेना


सुबोतित्सा
२ ऑक्टोबर १९८३

ति. ताईस,
दरिंकाचा सा. न. वि. वि.

थोडक्यातच लिहिते. हे मनाचं दुखणं नाही. अशा उलट्यांनी बाई खंगत जाते, आमच्याकडे अशा येतात आणि बऱ्या होऊन घरी जातात. ब-सहा जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात, त्यांनी मळमळ कमी होते. डॉक्टरांकडून लिहून घे. कोरडा टोस्ट, चमचा चमचा पाणी, आणि मिरच्यांच्या धुरापासून लांब. खिडकी उघडी ठेव. तू ठेवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. आईने आपल्याला दातदुखीपासून वांझपणापर्यंत सगळं वाऱ्याच्या झोताने होतं असं शिकवलं आणि तू त्यात पहिली आलीस.

पण ताई, गोळीही पोटात टिकली नाही, तर घरी बसवून ठेवू नकोस. निशच्या मोठ्या दवाखान्यात भरती कर. तिथे जीवनसत्त्वं सुईने देतात. थोरलेपणाचा मान मी जन्मभर ठेवला, यावेळी एकदा माझं ऐक.

नेवेनाला आशीर्वाद सांग. माझ्यावर माया असू दे आणि राग आलाच तर पोस्टाने पाठव.
तुझी,
दरिंका


गोर्न्या रेका
९ ऑक्टोबर १९८३

चि. दरिंकास,
अ. आ. वि. वि.

राग पाठवत नाही, उलट आनंदाची बातमी पाठवते. गोळ्या आणल्या, त्या गेल्या तशा वर आल्या. निशला मात्र नेलं नाही. त्या दवाखान्यांत समोरासमोर खिडक्या, खाली गार फरशी, त्यात ही अशक्त पोर. त्यापेक्षा आपल्या गावची वेसेलिंका बरी. ती सगळ्यांना घरी येऊन सलाईन लावते. साखरेच्या पाण्याची बाटली तिने संत निकोलसच्या तसबिरीच्या खिळ्याला टांगली. म्हटलं, देवाचाही हात लागेल. संध्याकाळी पोरीच्या गालावर लाली आली. मी तर रडले.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली लावली. पण मेलं तेवढ्यात वारं बाधलं. वेसेलिंका दारातून आली तेव्हा मागची खिडकी उघडी होती, मी पळत जाऊन लावली, पण उशीर झाला. तेव्हापासून नेवेनाला एकाचे दोन दिसतात. बुबुळं थरथरतात, एका जागी ठरत नाहीत. बाहेर जायला उठली की पाय फाकून, लग्नातून प्यायलेला माणूस परततो तशी झोकांड्या खात चालते. आम्ही हसलो, तीही हसली. काल मात्र मला तिने तिच्या वारलेल्या आईच्या नावाने हाक मारली. तापात बरळतात तसं असेल, पण अंगाला ताप नाही. डोक्याला लोकरीचा रुमाल बांधलाय, सगळ्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्यात. बुधवारी वेसेलिंका पुन्हा बाटली घेऊन येतेय.

पत्र ड्रायव्हर मिलुतिनच्या हाती देते, लवकर पोचेल.
लोभ असू दे.
ताई


तार
सुबोतित्सा, ११ ऑक्टोबर

हे वारं नाही. साखरेची बाटली लावू देऊ नकोस. नेवेनाला आजच निशला ने. आधी ब-एक सुईने, साखर नंतर, असं डॉक्टरांना सांग. दरिंका


सुबोतित्सा
११ ऑक्टोबर १९८३, दुपार

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तार केली. निशच्या दवाखान्यात फोनही केला, बाई येणार आहे म्हणून सांगून ठेवलंय. आता हातात काही नाही म्हणून लिहितेय. हे पत्र पोचेल तोवर काय ते होऊन गेलेलं असेल, आणि मला ते कळलेलं नसेल.

तुला चुकीचं वाटू नये म्हणून सांगते. इतके दिवस पोटात काही न राहिल्याने तिच्या अंगातलं ब-एक जीवनसत्त्व संपत आलंय. साखर जाळायला तेच लागतं. चूल लाकडांनी भरावी आणि घरात शेवटची काडी असावी, तसं झालं. साखर गेली तशी ती काडीही गेली, आणि उपाशी राहिला तो मेंदू. डोळे, पाय, विसर, सगळं त्याचंच. उशीर झाला तर पोरगी जाईल, किंवा राहील आणि कुणाला ओळखणार नाही.

ताई, मला भीती वाटते. तू कुणाचं ऐकत नाहीस. तार वाचून दरी घाबरट आहे म्हणशील आणि रुमाल आणखी घट्ट बांधशील. तसं करू नकोस गं.

उत्तर दे, एका ओळीचं दे.
तुझी दरी


निश
१९ ऑक्टोबर १९८३

चि. दरीस,
अ. आ.

पोस्टमन आणि वेसेलिंका एकाच वेळी फाटकात आले. तार मी उभ्यानेच वाचली. वेसेलिंका म्हणाली की शहरातल्या बायका उगाच घाबरवतात, बाटली तेवढी लावून मग काय ते बघू. खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं. पण तू थोरलेपणावरून कधी भांडली नाहीस, हुकूम कधी केला नाहीस, आणि तारेत नुसते हुकूमच होते. मी बाटली खिळ्यावर टांगू दिली नाही.

गाडी मिळेना. शेवटी मिलुतिनचा ट्रक, मागे मिरच्यांच्या पेट्या. तो वास आत येताच नेवेनाला कोरड्या उलट्या सुरू झाल्या, रिकाम्या पोटाने, जीव जाईल अशा. मिलुतिनने माझ्याकडे पाहिलं. दरी, मी माझ्या बाजूची काच खाली केली, मग त्याला त्याच्या बाजूची करायला लावली. निशपर्यंत वारं आमच्यातून आरपार जात होतं. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि मी आईची माफी मागत होते.

तुझा फोन आधीच पोचला होता. त्यांनी सुई आधी लावली, साखर नंतर. दुसऱ्या दिवशी बुबुळं ठरली. बाळाचे ठोके मला कानाला नळी लावून ऐकवले. पाय मात्र अजून भिंत धरूनच चालतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डोळे लवकर परततात, पाय सावकाश, आणि स्मरणाचं त्या आत्ताच वचन देणार नाहीत. मला ती अजून तिची आईच समजत होती. मी हो म्हणायची. काय करणार?

आज सकाळी मी तिच्या उशाशी बसले होते. दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या, पडदे उडताहेत. तिने डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की सासूबाई, खिडकी लावा, तुम्हाला वारं बाधेल.

मी लावली नाही.

तुझ्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो, तो इथूनच फिरवते.
तुझी ताई,
स्तामेना