लाल ठिपक्याचा वेग

३ जून, मंगळवार
झाला एकदाचा प्रोग्राम! पडद्यावर लाल ठिपका सरकतो, बाबांनी तो माऊसने टिपायचा. पक्षाघातानंतर उजव्या हाताला सवय लागावी म्हणून. ठिपका टायमरवर चालतो — दर ठोक्याला किंचित पुढे. वेग गोगलगायीचा ठेवलाय. दिवसभर ऑफिसात हेच, घरी येऊनही हेच. पाठ मोडली.

बाबांना एकच हवंय — कात्री हातात. चाळीस वर्षं कपडे बेतले, आता ती खुंटीवर.

५ जून, गुरुवार
पहिल्याच डावात बाबांनी वीसपैकी अठरा वेळा टिपला!

९ जून, सोमवार
आकडे आपोआप नोंदले जातात, मी संध्याकाळी बघते. पहिला डाव अठरा. मग बारा, नऊ, सात, शेवटी पाच. रोज तेच. आज तोंडातून गेलंच — ‘बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?’ ते म्हणाले, ‘हात ऐकत नाही गं.’ बोलायला नको होतं. पण मीही थकते.

११ जून, बुधवार
व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आकडे पाहिले. ‘उजव्याचा नाद सोडा. डाव्याने जेवायला शिकवू.’ घरी आल्यावर बाबा म्हणाले, ‘कात्री कोपऱ्यावरच्या टेलरला देऊन टाक.’ जेवले नाहीत.

१२ जून, गुरुवार
रजा टाकली. बाबांना म्हटलं, माझ्यासमोर एकदा खेळा. डाव संपला, त्यांनी प्रोग्रामची खिडकी बंद न करता ‘पुन्हा’ दाबलं. मी तपासताना दर वेळी बंद करून नव्याने उघडायचे.

‘बंद का नाही करत?’

‘परत उघडता नाही आलं तर? तू ऑफिसात असतेस.’

दुसऱ्या डावात ठिपका पळायला लागला. तिसऱ्यात आणखी. मी कोड उघडून पाहिला. ‘पुन्हा’ दाबलं की नवा टायमर सुरू होतो, आणि जुना थांबवायची ओळ मी लिहिलीच नव्हती. पाचव्या डावात पाच टायमर मिळून एकाच ठिपक्याला ढकलत होते. बारा वर्षं हेच काम करते मी! दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर चांगलं झापलं असतं.

बाबांना सगळं सांगितलं, माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, ‘मला वाटलं, मीच मंदावतोय.’ ओळ लिहिली. मग मी रडले.

१३ जून, शुक्रवार
सलग पाच डाव. पाचव्यातही एकोणीस. ‘फारच सावकाश झालं गं हे. आधीचं लाव.’ मग रिकाम्या खुंटीकडे बघून, ‘दिली नाहीस ना ती?’

नाही दिली. कपाटात ठेवली होती.