बाबांचे बूट

आईस नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते. लॉजची खिडकी नीट लागत नाही, सकाळी बोटं आखडतात, तेवढंच.

बाबा गेल्यापासून ऑर्केस्ट्रात त्यांच्या जागी व्हायोलिन मी वाजवते, त्यांचेच बूट घालून, पुढे कागद कोंबून. ते टाचेचे चार ठोके द्यायचे, मगच सगळे वाजवू लागायचे. तसेच मीही देते.

काल मॅनेजर म्हणाले, "अहो ताई, माइकमध्ये ठकठक येते. बूट काढा."

म्हटलं, "माइक काढा."

ड्रमवाले काका हात बांधून ठोक्यांची वाट बघत बसले. शेवटी माइकच सरकला.

तू लिहितेस, पुरे झालं, घरी ये. दौरा संपल्याशिवाय येणार नाही, आई. आज बुटांना नवी टाच बसवून घेतली. आता आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल.

तुझी आणि बाबांची,
धाकटी