सुग्रीवला कॅप्सूल लिहू नका

मामा,

पंकजाला घेऊन मी परभणीला मोठ्या दवाखान्यात निघाले आहे. महिनाभरात तुम्ही तिला दोनदा अँटिबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. दोन्ही वेळा ठणका थांबला, पण किडलेली दाढ तशीच राहिली. आता सूज गळ्यापर्यंत उतरलीय, तोंड उघडत नाही, अंगात ताप आहे. अँटिबायोटिक खरं आज लागणार आहे, आणि ते तिला लागू पडेल ना, याचीच मला धास्ती आहे.

दुपारी तिच्या ऊसतोड टोळीतला सुग्रीव येईल. त्याची दाढ मी काल पाहिली. सूज नाही, ताप नाही, नुसता ठणका आहे. "उद्या ऊसतोडीला निघायलोय डॉक्टरसाब, कॅप्सूल द्या," म्हणून तो हटून बसेल. देऊ नका. दुखण्याची गोळी जेवल्यावर द्या आणि थांबवून ठेवा. संध्याकाळी येऊन मी दाढ उघडते.

सकाळी पेशंटसमोर तुमच्यावर आवाज चढवला, माफ करा. कॅप्सूलबद्दल बोलले ते मात्र मागे घेत नाही.

माझं बोलून झाल्यावर तुम्ही पेन उचललंत, तेव्हा तुमचा हात कापताना मला दिसला. वर्षभर तुम्ही एकही दाढ का काढली नाही, चिठ्ठीच का लिहून देता, ते तेव्हा उमगलं. मी घरात कुणाला बोलले नाही. संध्याकाळी खुर्चीशेजारी उभे राहा, मामा. तुम्ही सांगा, मशीन मी धरते.

तुमची सून,
भक्ती